बिनलेबलचा कप्पा

काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोनच ओळी होत्या. लेबलसाहेबांना त्यांचा अर्थ एवढाच लागला, की यंत्र काहीतरी शोधतंय आणि ते त्याला सापडत नाही. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा सुरू केला. पुन्हा त्याच दोन ओळी. तिसऱ्यांदाही त्याच. 

घरात हा एकच कॉम्प्युटर. सुरू केला, की कुठल्या सिस्टिममध्ये जायचं ते विचारायचा. एक सगळ्यांची, तिच्यात फोटो, पत्रं, लेबलसाहेबांचं बुद्धिबळ. दुसरी फक्त सूनबाईंची. तिच्यात सूनबाईंचा प्रबंध होता, घराघरांतल्या मुंग्यांवरचा. साडेचार वर्षांचं काम. एक अख्खं वर्ष तर ओट्यावरच्या मुंग्यांना हात लावायची लेबलसाहेबांना बंदी होती, कारण त्या मोजायच्या होत्या. सोमवारी प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता. कॉपी ठेवलेली डिस्क गेल्याच आठवड्यात सूनबाईंच्या हातून पडून फुटली होती, आणि नवीन आणायची राहून गेली होती.

लेबलसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते कारखान्यात स्टोअरकीपर होते. ज्या खोक्यावर चिठ्ठी नाही, ते भंगारात, हा त्यांचा कायदा. कामगारांनी ठेवलेलं नाव मागोमाग घरी आलं. आज सकाळी ‘जागा संपत आली’ अशी कॉम्प्युटरने कुरकुर केली आणि हे गृहस्थ आवराआवरीला बसले. डिस्कवरच्या कप्प्यांची यादी उघडली. दोन कप्प्यांना नावं होती. तिसरा सगळ्यात मोठा, आणि त्याला नाव ना गाव. “कोणी ठेवलाय हा असा?” असं मोठ्याने विचारून त्यांनी तो उडवला. यंत्राने विचारलं, नक्की? नक्की म्हणजे काय, चौतीस वर्षांचा अनुभव!

तो कप्पा कोणाचा होता, ते आता कळलं होतं.

कोपऱ्यावरच्या दुकानातली दुरुस्तीवाली फोन केल्यावर पंधरा मिनिटांत आली. तिने सगळं ऐकून घेतलं, पडदा पाहिला आणि खुर्ची ओढली.

“काका, हा कप्पा उडवल्यावर पुढे काही केलंत? त्या जागेवर नवीन कप्पा बनवला, फॉरमॅट मारला?”

“म्हणजे काय होतं?”

“उडवला तर यादीतून फक्त नोंद जाते. माल आतच असतो. सुरू होताना ‘कुठे जायचं’ विचारणारी यादीही त्याच कप्प्यात होती, म्हणून काहीच सुरू होत नाहीये. पण वर काही नवीन चढवलं असेल, तर काही खरं नाही.”

लेबलसाहेब आठवू लागले. एक चौकोन समोर आला होता खरा. त्यात दोन बटणं होती. त्यांतलं कुठलं दाबलं? दाबलं तरी होतं का? आज सकाळची तर गोष्ट. 

“आठवत नाही गं,” ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून जास्तच घाबरले.

“बरं, बघू. घरातले कधी येतात?”

“सूनबाई दोनला.”

सव्वाबारा वाजले होते. तिने आपल्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केला आणि त्याला डिस्कवर तो उडालेला कप्पा शोधायला लावलं. चार टक्के. नऊ टक्के. लेबलसाहेब तिच्या खुर्चीची पाठ धरून उभे.

“पाणी प्या जरा, काका.”

“नको.”

“मग खुर्ची तरी सोडा. थरथरतेय.”

साठ टक्के झाले तरी काही नाही. ऐंशी. सोमवारी ती पोरगी रिकाम्या हाताने विद्यापीठात काय सांगणार? सासऱ्याने आवरलं म्हणून? ब्याण्णव टक्क्यांना पडद्यावर एक हिरवी ओळ उमटली.

“सापडला!” दुरुस्तीवाली म्हणाली. “ही नावं ओळखीची आहेत का बघा.”

प्रकरण एक, प्रकरण दोन, मुंग्या स्वयंपाकघर, मुंग्या जिना. लेबलसाहेब मटकन पलंगावर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. तिने कप्प्याची नोंद परत घातली, सुरू होताना विचारणारी यादी दुरुस्त केली. पावणेदोनला कॉम्प्युटर पूर्वीसारखा विचारू लागला, कुठे जायचं?

“सगळं जागच्या जागी आहे, काका,” ती पिशवी आवरत म्हणाली. “मी काही बोलायची नाही. तुम्हीही गप्प बसा.”

गप्प बसायचं त्यांच्या मनात फार होतं. कोणाला कळणार होतं? पण सकाळी कुठलं बटण दाबलं, ते त्यांना अजूनही आठवत नव्हतं. प्रबंध मिळाला, पण ती आठवण काही मिळाली नाही. उद्या पुन्हा असंच काही दाबलं आणि आठवलंच नाही, तर?

सूनबाई चपला काढत होती, तेव्हाच ते म्हणाले, “बाळा, तुझा कप्पा मी उडवला होता. दुरुस्तीवालीने परत आणलाय. आधी बघून घे.”

ती पिशवीसकट कॉम्प्युटरपाशी धावली. एकेक प्रकरण उघडून शेवटपर्यंत पाहिलं.  

“आहे सगळं,” शेवटी ती म्हणाली. मग त्यांच्याकडे न बघता, “बाबा... मी दोन्हीकडचा पासवर्ड बदलते. तुम्हाला बुद्धिबळ खेळायचं असलं, की मला सांगत जा. मी उघडून देईन.”

“बदल.”

तिने बोटं कीबोर्डवर ठेवली, आणि तिथेच थांबली.

लेबलसाहेबांनी आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यात ताठ बसले.

“टाक,” ते म्हणाले. “मी बघत नाही.”