जुने रॉकर

जानेफळच्या रंगरावांची शेव्हरलेट लोणारात शिरली ती बैलजोडीच्या मागं बांधून. मोटारीला बैल! बसस्टँडवरच्या रिकामटेकड्यांना आयतंच फावलं. कुणी विचारलं, "मालक, वखर कुठं सोडला?" कुणी बैलांना हॉर्न शिकवायचा सल्ला दिला. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा. पंचक्रोशीत मोटारी मोजक्याच, त्यामुळं एखादी बंद पडली की गावाची करमणूक व्हायची. रंगराव स्टिअरिंगवर बसून हसत होते, पण आतून जळफळत होते. याच गाडीचं इंजिन शालिग्राम मिस्त्रीनं थोड्याच दिवसांपूर्वी लावून दिलं होतं, आणि मिस्त्रीच्या हातची गाडी वाटेत बसत नाही, असं रंगराव स्वतःच गावोगाव सांगत फिरायचे.

शालिग्रामनं इंजिनाचं डोकं खोललं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. दोन व्हॉल्व्हच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या जळाल्या होत्या.

"काय झालं, मिस्त्री?" रंगरावांनी मागून विचारलं. शालिग्राम गप्प. त्यांनी पुन्हा, जरा आवाज चढवून विचारलं.

"व्हॉल्व्ह जळले, मालक. घट्ट बसले होते."

घट्ट कुणी बसवले, हे काही रंगरावांनी विचारलं नाही. भला माणूस. जाताना समोर येऊन एवढंच म्हणाले, "या खेपेले नीट करा, मिस्त्री. नाहीतर गाडी मले अकोल्याले धाडा लागन. आन माही गाडी तिकडं गेली, तं बाकीचेही तिकडंच जातीन."

खोटं नव्हतं ते. रंगरावांची गाडी या दुकानात येते, म्हणून मेहकरपासूनच्या जीपा आणि ट्रक इथं यायचे. ती गेली की दुकानाला कुलूपच.

आता मिस्त्रीची गोम काय होती ते सांगून टाकतो. इंजिनाच्या डोक्यावर रॉकर नावाचे बोटभर लोखंडी दांडे असतात. ते खाली-वर होत व्हॉल्व्हच्या माथ्यावर टपली मारतात, तेव्हा व्हॉल्व्ह उघडतो. या दोघांमध्ये अगदी पातळशी फट लागते. फट जास्त झाली तर टकटक आवाज येतो. कमी झाली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि बिनबोभाट जळून जातो. पोलादाची पातळ पत्ती घालून ही फट मोजता येते, पण रॉकर जुना झाला की त्याच्या तोंडाला खळगा पडतो. पत्ती त्या खळग्यावर आडवी बसते आणि खोटं माप देते. मग इंजिन चालू ठेवून फट कानानंच लावावी लागते. आणि शालिग्रामचा कान म्हणजे काय सांगावं! रस्त्यानं जाणारा ट्रक ऐकून तो कितवा व्हॉल्व्ह बोलतोय ते चहा पिता पिता सांगायचा.

तो कान वर्षभरात गेला. समोर उभं राहून कुणी मोठ्यानं बोललं तर कळायचं. पण ती बारीक टकटक साफ नाहीशी झाली. मागच्या खेपेला काहीच ऐकू येईना, तेव्हा त्यानं भिऊन सगळे स्क्रू अंदाजानं आवळून टाकले होते. झालं ते असं. त्यानं हे कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोला, चांगुणालाही नाही. बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणील?

अकोल्याहून सामान आलं. व्हॉल्व्ह नवे होते, स्प्रिंगा नव्या होत्या. जुन्या स्प्रिंगा त्यांच्या शेजारी उभ्या केल्या तर म्हाताऱ्या माणसांसारख्या आखडून बुटक्या झालेल्या दिसत होत्या. त्या त्यानं बाजूला टाकल्या. आणि सगळ्यात खाली, एका खोक्यात, नवेकोरे रॉकर निघाले.

शालिग्रामच्या जिवात जीव आला. नव्या रॉकरची तोंडं आरशासारखी सपाट. पत्ती घालायची, स्क्रू आवळायचा, मोकळं व्हायचं. कानाचं कामच नाही! त्यानं गोणपाटावर एकीकडं जुने रॉकर मांडले, एकीकडं नवे, आणि बऱ्याच दिवसांनी तो स्वतःशीच हसला.

पण हाताची खोड जाते का? त्यानं सवयीनं कानस उचलली आणि जुन्या रॉकरच्या तोंडावर ओढली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. कडक पोलाद. मग नव्यावर ओढली. कानस कचकन चावली आणि लोखंडाचा चमकता भुगा त्याच्या बोटांवर पडला.

नवे रॉकर नरम होते. दिसायला देखणे, पण पाऊसपाणी संपेस्तोवर त्यांना जुन्यांपेक्षा खोल खळगे पडले असते. जुने घासून सपाट करावेत, तर त्यांची कडक साल वरचीच. ती गेली की तेही नरम. थोडक्यात, नवे बसवले तर मिस्त्रीची अब्रू आज वाचत होती आणि गाडीची उद्या माती होणार होती. जुने बसवले तर गाडी वर्षानुवर्षं चालली असती, पण त्यासाठी कान हवा होता.

दुपारभर तो गोणपाटापाशी बसून राहिला. रंगरावांना कळणार नाही, मन म्हणत होतं. तोवर कानही बरा होईल. चांगुणा चहा ठेवून काहीतरी बोलून गेली. त्यानं न ऐकताच मान हलवली. चहावर साय आली. शेवटी त्यानं नवे रॉकर खोक्यात भरले आणि खोकं फळीवर सारलं. आयुष्यभर ज्या हातानं खोटं सामान परत धाडलं, त्या हातानं ते बसवायला त्याची छाती होईना.

जुने रॉकर चढले. बाजाराच्या दिवशी, सगळं गाव बाजारात गेलेलं पाहून, त्यानं दुकानाची फळकुटं लोटली आणि इंजिन चालू केलं. वाकला, कान लावला. काही नाही. लांब पेचकसाची मूठ कानाला लावली, मग दातांत धरली. सगळं डोकं हादरलं, टकटक मात्र येईना. त्यानं एक स्क्रू सैल केला, परत आवळला, परत सैल केला. घाम डोळ्यांत उतरला. पाना फेकून द्यावा आणि कुठंतरी निघून जावं, असं त्याला वाटलं. रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात त्याच्या पाठीवर बोट पडलं. टक, टक, टक, टक.

तो दचकून वळला. मागं चांगुणा उभी. तिच्या हाताला पीठ लागलेलं. दुकान आणि चूल यांच्यात एकच भिंत होती. सगळा संसार तिनं इंजिनांच्या आवाजात केलेला.

"वाका," तिनं हातानं खूण केली.

तो वाकला. तिचं बोट पाठीवर चालू लागलं, इंजिनाच्या तालात. त्यानं एका रॉकरवर पेचकस टेकवला. तिनं दंडाला चिमटा काढला: हा नाही. पुढचा? नाही. त्याच्या पुढचा? आता बोट जोरानं पडलं. त्यानं स्क्रू हळूच फिरवला. बोट हलकं झालं, आणखी हलकं झालं, आणि थांबलं.

"साफ चुप नाही होऊ द्याचा!" तो ओरडला. "जरासा बोलला पाह्यजे. साफ चुप झाला का जळते!"

त्यानं स्क्रू केसभर मागं घेतला. तिचं बोट पुन्हा आलं, मुंगी चालावी इतकं हलकं. असे एकेक करून सगळे झाले. दोघांच्या अंगावर तेलाचे शिंतोडे उडाले होते. त्यानं इंजिन बंद केलं.

"तुले कसं समजलं?" त्यानं खाली बघत विचारलं.

ती त्याच्या कानाशी आली. "मागच्या पोळ्याची गोष्ट. मी मागून हाकावर हाका मारल्या. तुमी वळून नाही पाह्यलं. मले वाटलं, रागावले माह्यावर. काय चुकलं तेच समजेना. रोज तुमच्या आवडीचं करू करू घातलं, तुमचं हू नाही का चू नाही. मी चुलीपाशी बसून रडत जाओ."

"मंग?"

"मंग एक दिवस माह्या हातून परात निसटली. अख्खी गल्ली धावत आली, अन् तुमी तसेच बिडी ओढत बसले! तवा समजलं. दुसऱ्या दिवशी कमळजादेवीले नारळ फोडला."

"मी भईरा झालो म्हनून नारळ?"

"हाव!" चांगुणाचे डोळे भरून आले. "भईरेच झाले ना? माह्यावरून मन तं नाही उडालं!"

शालिग्रामला आता उमगलं. आपण दुकान वाचवायला गप्प बसलो आणि भिंतीपलीकडं ही एवढे दिवस रडत होती. त्यानं तेलकट हातानंच तिचा हात धरला, आणि चांगुणानं चक्क धरू दिला.

दुसऱ्या दिवशी रंगराव आले. गाडी चालू केली, कान देऊन ऐकलं आणि खूश झाले. "वा, मिस्त्री! आता झालं काम!"

इथं गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण शालिग्राम पुढं झाला. "मालक, मागच्या खेपेले व्हॉल्व्ह म्याच जाळले. माहे कान गेले. हे टकटक हिनं ऐकली, म्या नुसते स्क्रू फिरवले. आता तुमाले गाडी अकोल्याले धाडाची असंल, तं धाडा."

रंगरावांनी इंजिन बंद केलं. मग गाडीतून उतरले, शालिग्रामच्या अगदी तोंडासमोर आले आणि अर्ध्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "पाऊस लागाच्या पह्यले पुन्हा आनतो गाडी दाखवाले! पन वहिनी तवा माहेरी जानार तं नाही ना, ते इचारून ठेवा!"

दाराआड चांगुणानं पदर तोंडाला लावला.

गाडी निघाली. शालिग्राम दुकानाच्या पायरीवर उभा राहून बघत होता. धूळ दिसत होती, आवाज काही नव्हता. आपण लावलेलं इंजिन दूर जाताना ऐकायचं, हे त्याचं वर्षानुवर्षांचं सुख. तेही गेलंच, असं त्याला वाटलं.

रस्त्यानं माणसं जात होती. चांगुणानं चारचौघांत नवऱ्याला कधी हात लावला नव्हता. ती दारातून बाहेर आली, त्याच्या मागं उभी राहिली आणि तिनं त्याच्या पाठीवर बोट ठेवलं. टक, टक, टक. गाडी मेहकरच्या वळणाला लागली तसं बोट हलकं होत गेलं, मग इतकं हलकं झालं की त्यालाही श्वास धरावा लागला, आणि मग थांबलं. तिनं ते काढून मात्र घेतलं नाही.