डिकीतला प्रॉम

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्या पत्र्यावरचे पोचे बघून नाक मुरडायचं नाही! मी एक जुनी, पांढरी, सात सीटांची गाडी आहे. वय झालं आहे, पण हौस कमी झालेली नाही. माझ्या आयुष्यातल्या एका संध्याकाळपाशी पोचायची मला इतकी घाई झाली आहे की मधलं काही गाळलं गेलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. जहाजाच्या पोटात बसून मी कतारला आले. बंदरावर उतरले तेव्हा उन्हाने असा दणका दिला की माझा पत्रा तव्यासारखा तापला. पहिली काही वर्षं मी एका कतरी घरात मजेत काढली. त्यांची मुलं मला वाळूच्या टेकड्यांवर न्यायची आणि माझ्या सीटांमध्ये खजुराच्या बिया कोंबायची. मग त्या घरात नवी गाडी आली आणि मी वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात जाऊन उभी राहिले.

तिथून मला अबूबकर यांनी घेतलं. ते मूळचे दापोलीकडचे. हमद पोर्टवर क्रेनने कंटेनर उचलायचं त्यांचं काम. दोह्यात, अल मन्सूऱ्यातल्या एका जुन्या इमारतीत ते, त्यांची बायको जैतून आणि मुलगी अलीजा राहत. मला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा जैतूनने माझ्या काचेवर 'माशाल्ला' लिहिलेला स्टिकर लावला. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधली अनुजा कुंकवाची डबी घेऊन धावत आली. "थांबा, थांबा! नवीन गाडी अशी कोरडी नाही आणायची," म्हणत तिने माझ्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि चाकापुढे नारळ फोडला. करवंटीचा तुकडा मला टोचला, पण एवढं कौतुक होत असताना तक्रार कोण करणार?

अनुजाची मुलगी ज्ञानदा आणि आमची अलीजा एकाच वर्गात होत्या. पुढे अनुजाचा नवरा कुणाल मोठ्या पगारावर गेला आणि ते अल गराफा भागातल्या व्हिलात राहायला गेले. तरीही माझा सकाळचा रस्ता बदलला नाही. मन्सूऱ्याहून निघायचं, गराफ्यात ज्ञानदाला घ्यायचं आणि दोघींना शाळेत सोडायचं. दोघी मागच्या सीटवर बसून सहावीपासून एकाच गोष्टीची चर्चा करत. बारावीचा प्रॉम, म्हणजे शाळेतली शेवटची नाचाची संध्याकाळ! कोणता ड्रेस, कोणतं गाणं, कोण कोणाबरोबर नाचणार. अबूबकर आरशातून बघत म्हणायचे, "आधी पास व्हा, मग नाचा!"

मग कोरोना आला. शाळा बंद झाली आणि मी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत धूळ खात पडले. बॅटरी बसली. कोणीतरी माझ्या काचेवर बोटाने बदकाचं चित्र काढलं, तेही वाळूने पुसून टाकलं. त्या दिवसांत एका दुपारी अबूबकर येऊन माझ्यात बसले. गावाकडे त्यांचा धाकटा भाऊ कोरोनाने गेला होता. विमानं बंद होती, त्यामुळे जाता आलं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात मुलीसमोर रडायचं कसं, म्हणून ते माझ्या काचा वर करून मनमोकळं रडले. मला त्यांना काही म्हणता आलं नाही याचं फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी शाळा थोडी थोडी सुरू झाली. नवीन बॅटरी बसवून मीही पुन्हा रस्त्याला लागले. दोघी आता बारावीत होत्या. आणि शाळेने कळवून टाकलं, या वर्षी प्रॉम रद्द!

मित्रांनो, माझ्या मागच्या सीटवर असा हलकल्लोळ कधी झाला नव्हता. ज्ञानदा तर ढसाढसा रडली. त्यात आणखी एक गोष्ट होती. कुणालचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि जूनमध्ये ते सगळे कायमचे नाशिकला परतणार होते. दोघी मैत्रिणींना एकत्र मिळणारी ही शेवटची मोठी संध्याकाळ होती, आणि तीच हातची गेली होती.

अनुजाने पालकांच्या ग्रुपवर लिहिलं की शाळा करत नसेल तर आपण करू. आमच्या व्हिलात या. फोनमधलं एहतेराज, ते सरकारचं कोरोनाचं अ‍ॅप, हिरवं असेल त्यांनी यायचं, म्हणजे काळजी नाही. झालं! ग्रुपचे दोन तट पडले. कोणी म्हणे मुलांनी किती सोसायचं, कोणी म्हणे दंड बसला तर कोण भरणार. अबूबकरांनी फक्त 'नो' लिहिलं. तेही मोठ्या अक्षरांत आणि तीनदा. अनुजाला ते झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून ज्ञानदाला सोडायला कुणाल स्वतः जाऊ लागला. मी गराफ्याच्या त्या वळणाला सवयीने मंद होई, आणि अबूबकर मला सरळ पुढे काढत. मागच्या सीटवर अलीजा एकटी खिडकीबाहेर बघत बसे.

आता ती भानगड ऐका! एका दुपारी पोर्टच्या पार्किंगमध्ये अबूबकर माझ्यात बसून जैतूनला व्हॉइस मेसेज पाठवत होते.

"जैतून, त्या अनुजावहिनीला कोनीतरी सांगा. व्हिला हाय म्हनून काय कोरोना बेल मारून, चपला भायेर काढून येनार हाय? मना काय हौस हाय काय पोरीला नाय म्हनायची? तिचा तोंड बघवत नाय. पन माजा भाव गेला, मना त्याच्या कबरीवर मूठभर मिट्टी द्यायला जाता आला नाय. आता कोनाच्या घरात परत असा व्हायला नको. खलास!"

बोट उचललं आणि मेसेज गेला. कुठे गेला? पालकांच्या ग्रुपवर!

पाच मिनिटांत जैतूनचा फोन माझ्या स्पीकरवर खणखणला. "अवो, काय केलंत ह्या? सगल्या ग्रुपवर गेला!"

"या अल्ला!" अबूबकरांनी कपाळावर हात मारला. मग जरा सावरून म्हणाले, "ऱ्हाव दे गो. आपली बोली त्यात कोनाला कळते? तो केरळवाला बघ, त्याने अंगठा दिलान. दुसऱ्याने इन्शाल्ला लिवलान."

"अनुजावहिनीला कळते नां!" जैतून म्हणाली.

माझा एसी पूर्ण जोरात होता, तरी अबूबकरांना घाम फुटला.

संध्याकाळी अनुजाचा फोन आला. "अबूभाई, मन्सूऱ्यात करकवाल्याकडे या. सगळेच या. गाडीतून उतरायचं नाही, तसंच बोलू."

इथे दोह्यात एक छान रीत आहे. चहाच्या दुकानापुढे गाडी उभी करायची आणि हॉर्न वाजवायचा. पोऱ्या धावत येतो आणि दाट, गोड करक चहा खिडकीतून हातात देतो. कोणी खाली उतरत नाही. मी तिथे जाऊन उभी राहिले. शेजारी कुणालची चकचकीत गाडी येऊन लागली. दोन्ही घरं मास्क लावून समोरासमोर. पण माझी काच! धुळीने अडकून बसलेली ती काच काही केल्या खाली सरकेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी अबूबकर आणि जैतूनने तळव्यांनी दाबून दाबून ती खाली ढकलली.

"अबूभाई, मी भांडायला आले नाहीये," अनुजा म्हणाली. "तुमचे भाऊ गेले तेव्हा मी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन हात जोडलेले पाठवले आणि कामाला लागले. तुमच्या मनात काय चाललंय ते विचारलंसुद्धा नाही. चुकलं माझं. पण माझ्या लेकीचे इथले थोडेच दिवस उरलेत हो. तिला अशी रडत कशी घेऊन जाऊ?"

"वहिनी, मीपण जरा नीट बोलायला हवं होतं," अबूबकर म्हणाले. "बेल मारून, चपला काढून वगैरे..."

"ते मात्र छान होतं," कुणाल पलीकडून म्हणाला, आणि जैतून मास्कमध्ये फिसकन हसली.

मोठी माणसं अशी बोलत असताना मागच्या खिडक्यांतून दोघी मुली कधीच सुरू झाल्या होत्या. गाणं लागलं होतं, खांदे हलत होते, चहा सांडत होता. एकाएकी ज्ञानदा किंचाळली, "वेट, वेट! अलीजा, आपण आत्ता काय करतोय?"

"ओ माय गॉड!" अलीजा म्हणाली. "करक प्रॉम!"

दोघी एकदम बोलू लागल्या. सगळ्यांनी आपापल्या गाडीत यायचं, आपल्याच घरच्यांबरोबर! तयार होऊन! काचा खाली, गाणी मोठ्याने! मी तर ऐकूनच थरथरू लागले. अबूबकरांना वाटलं इंजिन बिघडलं.

"पोरं गाडीतून उतरतील आणि गळ्यात पडतील," अबूबकर म्हणाले.

"ज्याचा पाय जमिनीला लागेल तो सरळ घरी," अनुजा म्हणाली. "मग माझी ज्ञानदा का असेना."

अबूबकरांनी तिच्याकडे पाहिलं, मग आरशात अलीजाकडे पाहिलं. "यल्ला, चला," ते म्हणाले, "शाळेला विचारू."

दोघांनी मिळून विचारलं. आधी एकमेकांविरुद्ध लिहिणारी दोन नावं एकाच पत्राखाली बघून मुख्याध्यापिकाही चकित झाल्या असाव्यात. त्यांनी रीतसर परवानगी काढली आणि शाळेचं मैदान दिलं.

आणि मित्रांनो, आली ती संध्याकाळ! मला दोनदा धुतलं. जैतूनने माझ्या टपावर दिव्यांची माळ बांधली. अलीजा आईने शिवलेल्या हिरव्या गाऊनमध्ये, तशाच हिरव्या ओढणीने डोकं झाकून, राणीसारखी मागे बसली. मैदानात गाड्याच गाड्या! प्रत्येक गाडी फाटकातून आत आली की मुख्याध्यापिका माईकवर मुलाचं नाव पुकारत आणि सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत. अलीजाचं नाव आलं तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की माझाच घसा बसला. करकवाला हातमोजे घालून गाडीगाडीला चहा देत होता. सगळ्यांनी फोनवर "एक, दोन, तीन, यल्ला" म्हणून एकच गाणं लावलं, पण प्रत्येक गाडीत ते वेगळ्या वेळी सुरू झालं. काय गोंधळ! काय मजा!

मग नव्या गाड्यांची छतं उघडली आणि मुलं कमरेपर्यंत बाहेर येऊन नाचू लागली. ज्ञानदाही तिच्या निळ्या, दोन मापं मोठ्या गाऊनमध्ये वर आली. माझं छत उघडत नाही. अलीजा खिडकीतून हात हलवत होती, हसत होती, पण ते हसू ओढूनताणून आणलेलं होतं. मी शरमेने मेले. एवढी वर्षं वाहिलं तिला, आणि आज कामाला आले नाही!

अबूबकरांनी मला वळवलं आणि माझी पाठ कुणालच्या गाडीकडे केली. सगळ्यात मागच्या सीटा त्यांनी आधीच पाडून ठेवल्या होत्या. आतून कळ ओढली आणि माझी डिकी वर उघडली. "जा बाला," ते अलीजाला म्हणाले. "पाय जमिनीला लावायचा नाय फक्त. बाकी काय नाचायचंय ते नाच."

अलीजा ओरडतच मागे सरकली. ते पाहून कुणालनेही आपली गाडी फिरवली आणि डिकी उघडली. मध्ये सहा हातांचं अंतर. समोरासमोर दोन मैत्रिणी गुडघ्यांवर बसून, हात उंच करून नाचल्या. रडल्या, हसल्या, पुन्हा नाचल्या. माझे स्प्रिंग करकर वाजत होते. इतका आनंद मला कारखान्यातून बाहेर पडतानाही झाला नव्हता! त्या संध्याकाळी कोणाचाही पाय जमिनीला लागला नाही.

जूनमध्ये अनुजाचं कुटुंब नाशिकला गेलं. अबूबकरांना मात्र गावी जाता येत नव्हतं. गेलं तर परत येताना क्वारंटाइन, आणि तेवढी सुट्टी पोर्टवर मिळेना. काही आठवड्यांनी अलीजा बारावीचा दाखला आणायला शाळेत गेली, तेव्हा मी बाहेर उभी होते. ती येऊन बसली आणि अबूबकरांच्या फोनवर कुणालचा व्हिडिओ आला.

कुणाल दापोलीला गेला होता. अबूबकरांचा पुतण्या तबिश त्याला कब्रस्तानात, अबूबकरांच्या भावाच्या कबरीपाशी घेऊन गेला होता. डोक्यावर रुमाल बांधून कुणाल तिथल्या ओल्या, लाल मातीत उकिडवा बसला. त्याने मूठभर माती उचलली आणि हळूच कबरीवर सोडली. "अबूभाई," तो म्हणाला, "ही तुमची."

अबूबकर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. अलीजा एरवी घरातही इंग्रजीत उत्तर देते. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अब्बा, मिट्टी पोचली आपली."

मित्रांनो, मला तुमच्याकडून मेणाचं पॉलिश नको, नवी सीटही नको. एवढंच करा. तुमच्या आनंदाला कोणी 'नाही' म्हणालं तर रागावून निघून जाण्याआधी त्याला विचारा, "तुमचं कोण गेलं?" आणि त्याचं उत्तर होईपर्यंत थांबा.