लिटरभर रस्ता

राधाकृष्णांनी पायांतल्या वहाणा काढून सीटखाली सारल्या आणि अनवाणी तळवा ॲक्सिलरेटरवर हलकेच टेकवून पाहिला. वहाण असली की पायाला अंदाज राहत नाही, दाब जास्त पडतो. आणि आज तर थेंबाथेंबाला किंमत होती.

डाव्या आरशाच्या दांडीला राहुरीच्या मिस्तऱ्याने काचेची एक बाटली उलटी बांधून दिली होती. तिच्यात मोजून एक लिटर पेट्रोल होते आणि बुचातून निघालेली रबरी नळी बॉनेटखाली थेट कार्बोरेटरला जोडली होती. टाकीची वाट बंद. बाटली संपेल तिथे गाडी थांबणार, आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून कळणार की लिटरभरात किती अंतर झाले. आठ किलोमीटर झाले तर गाडी घरी राहील, नाही झाले तर श्रीरामपूरचा ठेकेदार रविवारी येऊन ती विकत घेऊन जाईल. बाप-लेकांत एवढेच ठरले होते.

अट गहिनीनाथाची. शेतीचा आणि घराचा सारा कारभार दोन वर्षांपासून त्याच्याकडे होता. अरबांनी तेल अडवल्यापासून पेट्रोलचा भाव दुपटीच्या घरात गेलेला. या गाडीच्या मापाचे टायर मुंबईहून मागवावे लागत, आणि एखादा भाग मोडला की मिस्तरी बॉनेट उघडण्याआधीच हात जोडी. एवढे असूनही मुलगा कधी उणा शब्द बोलला नव्हता. तो बोलला असता तर राधाकृष्णांना भांडता तरी आले असते.

गाडी होतीही तशीच. नगरच्या एका निवृत्त इंजिनियराकडून घेतलेली, विलायती, करड्या रंगाची. समोर अक्रोडाच्या लाकडाची गुळगुळीत फळी, आत लाल कातड्याच्या गाद्या. देवळाली प्रवरेत तिला कोणी गाडी म्हणत नसे. 'राधाकृष्णांचा बंगला निघाला,' म्हणत.

मालनबाई मागचे दार उघडून बसू लागल्या, तसे राधाकृष्ण म्हणाले,

"तू कशाला? वजान वाढतं."

"लगीन करून आनली तवा न्हाई वजान बगितलं. आन आता बगताय व्हय?"

गहिनीनाथाने हसू लपवायला तोंड बाटलीकडे वळवले. मालनबाई बसल्या, हातातला पितळी डबा मात्र त्यांनी मिस्तऱ्याकडे ठेवायला दिला.

सोनईच्या रस्त्यावरच्या एका दगडापासून मोजणी सुरू झाली. काठोकाठ भरलेली घागर डोक्यावरून न्यावी तशी राधाकृष्णांनी गाडी नेली. पुढे उसाची बैलगाडी दिसली की ते लांबूनच पाय उचलत, ब्रेकला पायही लागू नये असे तिच्यामागे सरपटत, आणि वाट मिळताच हळूच बाहेर निघत. हॉर्न वाजवला नाही. कोणी रामराम केला तर नुसती मान हलवली. चौथा दगड मागे पडला तेव्हा बाटली निम्म्याहून जास्त भरलेली होती.

"अण्णा," गहिनीनाथ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खराच आनंद होता, "असं चालवलं तर नऊबी देईल ही."

"मंग? बंगला हाय त्यो."

पुढच्या वळणावर बाभळीखाली गोजरबाई उभी होती. काखेत शेळीचे करडू, दुसरा हात वर केलेला.

राधाकृष्णांचा पाय आपोआप ब्रेककडे गेला. गाडी आल्यापासून त्यांनी रस्त्यावर हात केलेल्या माणसाला मागे टाकले नव्हते. अडलेल्या बाया त्यांनी नगरच्या दवाखान्यात पोचवल्या होत्या, कुणाचे बियाण्याचे पोते, कुणाची परीक्षेला निघालेली लेक. वस्ती आडबाजूला असली तर गाडी आडबाजूला वळे. या भागात कुणाला त्याचे नवल राहिले नव्हते. बंगला दिसला की हात करायचा.

पाय ब्रेकवर टेकला नाही. गाडी बाभळीवरून पुढे गेली.

आरशात गोजरबाईचा हात तसाच वर होता. गाडी थांबली नाही, हे तिच्या अजून ध्यानात यायचे होते. मग तो हात सावकाश खाली आला. मालनबाई मागच्या काचेतून पाहत राहिल्या. आरशात नुसता धुरळा उरला तेव्हा राधाकृष्णांनी गाडी थांबवली आणि मागे घ्यायला सुरुवात केली.

"अण्णा!"

"गोजर हाय ती. सोनईची."

"मोजून झालं की परत येऊन घेऊ की तिला."

"तिला काय म्हाईत, आपन परत येनार हाय?"

इंजिन कण्हत होते. बाटलीत बुडबुड्यांमागून बुडबुडे चढत होते आणि गहिनीनाथ ते पाहत होता. गाडी बाभळीपाशी आली तशी गोजरबाई दचकून दोन पावले मागे सरली.

"अवं, काय झालं? मागं का आलासा?"

"तूच हात केला न्हवं?"

"म्या कुटं थांबवलं? तुमी दिसलात म्हनून हात केला. यष्टी येतीया माजी."

मालनबाईंनी पदर तोंडात कोंबला, तरी त्यांचे खांदे हलायचे राहिनात. राधाकृष्ण स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले. गोजरबाईने त्यांच्याकडे पाहिले, मागच्या रिकाम्या जागेकडे पाहिले.

"पर आता उलट्या पावली आलाच हायसा, तर बसते बाई."

करडू लाल गादीवर उभे राहून बें बें करू लागले. मालनबाईंनी त्याला मांडीवर घेतले.

सातवा दगड गेल्यावर थोड्या वेळाने इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडले. राधाकृष्णांनी गिअर काढून घेतला. गाडी आवाज न करता घरंगळत राहिली. आठवा दगड समोर दिसत होता, नुकताच चुना दिलेला, पांढराशुभ्र. त्याच्या बरीच अलीकडे चाके थांबली.

दोघे खाली उतरले. तापलेल्या डांबरावर राधाकृष्ण अनवाणीच उभे राहिले. गहिनीनाथाने बॉनेट उघडले, नळी सोडवली आणि टाकीचा पाइप जागेवर बसवता बसवता खालच्या मानेने म्हणाला,

"आजचं धरायला नको, अण्णा. उद्या पहाटं रस्ता मोकळा असतोय. परत एकदा करू."

"उद्या गोजर नसंल, दुसरं कुनी तरी असंल." राधाकृष्णांनी उपरण्याने बॉनेटवरची धूळ पुसली. "ही माज्या हातात किती चालती, ते दिसलं की आपल्याला. तुजं काय चुकलं न्हाई, गहिनी. रविवारी येऊ दे त्याला."

मुलगा पाइपाचा पेच पिळत राहिला, तो घट्ट बसल्यावरही. मग बॉनेट मिटून तो पुढच्या दाराशी आला. इतक्यात मागच्या खिडकीतून गोजरबाईने डोके बाहेर काढले.

"का थांबलो वं? कुनाला घ्यायचंय?"

आणि उत्तराची वाट न बघता ती कोपऱ्याकडे सरकली, मालनबाईंनाही तिने कोपराने सरकवले आणि मोकळ्या झालेल्या लाल गादीवर तळहाताने थोपटले.

गहिनीनाथ पुढच्या दाराला हात लावून क्षणभर थांबला. मग तो हात काढून त्याने मागचे दार उघडले.

"मला, मावशी. सरका आनखी जरा."

तिघे दाटीवाटीने बसले, करडू त्याच्या गुडघ्यावर आले. राधाकृष्णांनी आरशात एकदा पाहिले आणि गाडी सोनईकडे सोडली. आठवा दगड मागे गेला, त्याकडे कोणी बघितले नाही.

"त्या ठेकेदाराला काय सांगायचं मंग?" मालनबाईंनी विचारले.

गहिनीनाथ करडाच्या कानामागे खाजवत होता.

"सांगू," तो म्हणाला, "आमचं मोजायचं चाललंय अजून."