बावीस तारखेपर्यंत

आश्लेषाने घरी थाप मारली ती झोपेसाठी. एमबीएच्या या सत्राचा शेवटचा पेपर दहा डिसेंबरला होता आणि तिने नागपूरला आईला सांगितलं, बावीसला आहे. एवढ्याशा थापेने कुणाचं काय घोडं मारलं जाणार होतं?

तिच्या डिसेंबरकडे एकदा बघा, म्हणजे तिला लगेच दोष देणं जड जाईल. शिकागोच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका अवाढव्य गोदामात ती नोकरीला होती. लोक घरबसल्या भेटवस्तू मागवतात, त्या तिथून सुटतात. कुठला ट्रक कुठल्या दाराला लागणार, कधी भरणार, कधी निघणार, हे ठरवणं तिचं काम. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपासून नाताळपर्यंत तिथे कुणाला सुट्टी नाही. म्हणजे कागदोपत्री कुणालाच नाही. प्रत्यक्षात कुणाच्या मुलाचं शाळेत नाटक असे, कुणाची सासू विमानतळावर यायची असे, आणि मग तिचा मॅनेजर डग हसतहसत तिच्या टेबलापाशी येई. "तू तर ख्रिसमस करत नाहीस ना?" दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ती अर्धा दिवस लवकर निघाली होती. तो अर्धा दिवस डगने असा काही लक्षात ठेवला होता, की जणू तिने गोदामच घरी नेलं होतं.

हे झालं दिवसाचं. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती गाडी दामटत शहरात जाई, बिझनेस स्कूलच्या वर्गात बसे आणि डोळे ताणून फळ्याकडे बघे. काम आणि आयुष्य यांचा तोल कसा साधावा, यावर तिथे एक अख्खा विषय होता. त्याच विषयाच्या प्राध्यापकांनी ग्रुप प्रोजेक्ट थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत करायला दिलं. वर्गात कुणी हसलंसुद्धा नाही. हसायलाही अंगात थोडी ताकद लागते.

आणि या सगळ्यावर रोज सकाळी आईचा फोन. "कधी येतेस?"

हा प्रश्न आईचा नव्हता, बाबांचा होता. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट घातले, तेव्हाही आश्लेषा जाऊ शकली नव्हती. तिच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला होता. देशाबाहेर पाऊल टाकलं, की परत यायला नवा शिक्का हवा, आणि त्या शिक्क्याची तारीख मिळेना म्हणून तिच्या ओळखीची माणसं महिनोन् महिने तिकडे अडकून पडली होती. नोकरी गेली तर व्हिसा गेला, व्हिसा गेला तर शिक्षण गेलं. तीन वर्षं ती "या जानेवारीत येते" म्हणत होती. बाबा मात्र दर वेळी खरं मानत. सिंचन खात्यातून निवृत्त झालेला तो साधा माणूस. मुलगी म्हणाली येते, म्हणजे येणार. या खेपेला मात्र तिने खरंच तिकीट काढलं होतं, अकरा जानेवारीचं. काय व्हायचं ते होवो, बाबांना भेटायचंच, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

तर थाप. ती इतकी सहज खपली, कारण त्या घरात परीक्षा म्हणजे देवापेक्षा मोठी गोष्ट. मुलांची परीक्षा असली की टीव्हीवर चादर पडे, पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावलं जाई, आणि वाईट बातमी उंबरठ्याच्या आत येत नसे. आश्लेषाच्या बारावीच्या परीक्षेत तिचा मामा गेला. सख्खा, एकुलता एक मामा. आई स्मशानातून माणसं परतेपर्यंत माहेरी होती, मग घरी आली, डोक्यावरून आंघोळ केली आणि मुलीला बोर्नव्हिटा करून दिला. "मामा टूरवर गेलाय," म्हणाली. शेवटचा पेपर देऊन आश्लेषा बाहेर आली, तेव्हा बाबांनी स्कूटर स्टँडवर उभं राहून तिला खरं सांगितलं. ती तेव्हा चिडली, रडली, दोन दिवस आईशी बोलली नाही. पण पुढे कॉलेजात हीच गोष्ट ती मैत्रिणींना कौतुकाने सांगायची. बघा, आमच्या घरी शिक्षणाला किती मान आहे!

"बावीसपर्यंत पेपर आहेत गं आई," ती म्हणाली, आणि आईचा आवाज लगेच बदलला.

"मग बोलत काय बसलीस? ठेव फोन. अभ्यास कर."

झालं. रोजचा अर्ध्या तासाचा फोन मिनिटावर आला. दहा तारखेला पेपर देऊन ती घरी आली आणि बूट न काढताच पलंगावर आडवी झाली. तिच्याबरोबर राहणारी नीलांबरी मूळची पुण्याची, एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करणारी. तिने आश्लेषाच्या पायातले बूट ओढून काढले आणि अंगावर पांघरूण टाकलं.

"यार, घरी सांगून टाक ना, एक्झॅम संपली म्हणून. खूश होतील."

"बावीसपर्यंत गोदामात पीक सीझन आहे गं. तोवर कुणाशी बोलायची एनर्जी नाहीये मला. मग बोलेन ना तासभर."

यात खोटं काही नव्हतं. ती खरंच बोलणार होती.

त्यानंतर आईचे फोन आणखीच त्रोटक झाले. बाबा तर फोनवर येईनासेच झाले. कधी "फिरायला गेलेत", कधी "आत्ताच डोळा लागलाय". आश्लेषाला बरंच वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण बरं वाटलं, हेच खरं. कुणी काही मागत नाही, विचारत नाही, याचं सुख तिला कित्येक महिन्यांनी मिळत होतं.

शनिवारी संध्याकाळी नीलांबरीने तिला ओढून डेव्हन ॲव्हेन्यूवर, देशी दुकानांच्या रस्त्यावर नेलं. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत दोघींनी तीन चकरा मारल्या. बर्फ रस्त्याच्या कडेला काळं होऊन साचलं होतं. डोसा सांगून बसल्या, तोच फोन वाजला. दादाचा. उचलला तर बाबा.

"काय गं पोट्टे?" आवाज बसका, खरवडल्यासारखा.

"बाबा, काय झालं आवाजाला?"

"घसा बसलाय. थंडी पडलीय इकडे." मग बराच वेळ नुसता श्वास. "किती दिवस राहिले तुझे?"

मागे वेटर काचेच्या पेल्यांची आदळआपट करत होता. आश्लेषाने फोनवर हात धरला आणि आवाज खाली आणला, लायब्ररीत बसल्यासारखा. "बावीसपर्यंत, बाबा. आत्ता वाचतच होते."

"वाच, वाच. मी ठेवतो."

"जानेवारीत येतेय ना मी. अकराला."

"हो. माहीत आहे. वाच तू."

तिने फोन पालथा ठेवला. नीलांबरी तिच्याकडे बघत होती. आश्लेषाला वाईट वाटलं. बापाशी अशी मुलं बोलतात का, असंही वाटलं. मग डोसा आला आणि ती भुकेलेली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ती गोदामात असताना आईचा मिनिटाचा फोन आला. नागपुरात तेव्हा संध्याकाळचे सात वाजले असतील. आईच्या मागे भोंग्यावर कुणीतरी पुकारत होतं, "...यांचे नातेवाईक काउंटरवर या."

"कुठे आहेस गं?"

"बँकेत आलेय. तू नीट जेवतेस ना? ठेवते."

रविवारी, संध्याकाळी सातला, कुठली बँक उघडी असते? आश्लेषाच्या मनात हे आलं. अगदी स्पष्ट आलं. तिने आईला परत फोन लावायला बोट पुढेही केलं. तेवढ्यात चौदा नंबरच्या दारावरचा सरकता पट्टा अडकला, खोक्यांवर खोकी चढायला लागली, डग लांबून तिच्या नावाने ओरडू लागला. पट्टा सुरू होईपर्यंत दुपार झाली. नागपुरात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि झोपलेल्या माणसांना उठवायचं कशाला, म्हणून तिने फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी तो विचार कामाखाली गाडला गेला. आठवड्याच्या मध्यावर एकदा तिने ठरवलंही होतं, की सांगून टाकावं, पेपर कधीच संपले. पण मग "इतके दिवस का नाही सांगितलंस" हा प्रश्न आला असता, आणि त्याला उत्तर द्यायचं त्राण नव्हतं. एकदा थाप मारली की ती निस्तरत बसावं लागतं. बावीस तरी कुठे लांब होती?

बावीसला सोमवार होता. शेवटचा मोठा ट्रक संध्याकाळी सुटला. डगने सगळ्यांना साखरेच्या बिस्किटांचे डबे वाटले, आश्लेषाच्या खांद्यावर थाप मारली, म्हणाला, "तू नसतीस तर काय झालं असतं आमचं!" ती पार्किंगमध्ये आली, गाडी सुरू केली, काच गरम व्हायची वाट बघत बसली. आता घरी फोन करायचा, तासभर बोलायचं, असं म्हणून तिने फोन हातात घेतला, तर दादाचाच आला. तिकडे मंगळवारची सकाळ होती.

"झाला पेपर?"

"झाला."

"गाडी चालवत नाहीस ना?"

"नाही. का रे?"

दादाने एक श्वास घेतला. "आशू, बाबा गेले. रविवारी पहाटे."

काचेवरचं बर्फ वितळून खाली घसरत होतं.

"दहा तारखेला रात्री अटॅक आला. ॲडमिट केलं. आयसीयूत होते. तुला सांगायचं मी म्हणत होतो गं, खरंच म्हणत होतो, पण तुझे पेपर..." दादाचा आवाज फुटला. "सगळं झालंय. मी आत्ता अस्थी आणायला निघालोय. आईशी बोल."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

आई रडत नव्हती. दोन रात्री न झोपलेल्या माणसाचा असतो तसा, सपाट आवाज होता तिचा. "रागावू नकोस हं बाळा. माझ्या हातात काही नव्हतं. पाच-सहा दिवस चांगले शुद्धीवर होते हे. मी म्हटलं, बोलावते तिला. शिक्का नि बिक्का गेलं खड्ड्यात, येईल ती. तर मलाच रागावले. म्हणाले, पोट्टीचा पेपर बुडवायचा नाही. बावीसपर्यंत मी थांबतो. नर्सला रोज विचारायचे, आज किती तारीख? एक दिवस ऐकेचनात, आवाज ऐकवा म्हणाले, म्हणून नकुलदादाने तुला फोन लावून दिला. नाकातली नळी काढून बोलले तुझ्याशी. मग दिवसभर सगळ्यांना सांगत होते, वाचत होती, वाचत होती."

आश्लेषाने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. ती आली असती का? व्हिसा, डग, नोकरी, सगळं टाकून अकरा डिसेंबरच्या विमानात बसली असती का? बसली असती, असं तिला वाटलं. मग वाटलं, कुणास ठाऊक. पण हे ठरवायची पाळी तिच्यावर आलीच नाही, आणि ती येऊ नये याची व्यवस्था तिने स्वतःच केली होती. बाबा तिच्या पेपरसाठी थांबले नव्हते. ते तिच्या झोपेसाठी थांबले होते.

"आई," ती म्हणाली. "आई, मला तुला एक..."

"बोल ना."

तिकडे खोलीत माणसं असावीत. कुणीतरी हलक्या आवाजात विचारत होतं, मुलगी का? आई त्यांना सांगत होती, "हो, अमेरिकेतली. परीक्षा होती ना तिची, म्हणून कळवलं नव्हतं. ह्यांचीच इच्छा तशी." त्या सपाट आवाजात एवढं एक वाक्य आईने ताठ मानेने म्हटलं. उभ्या घरात आता तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

"हं, काय म्हणत होतीस?" आईने विचारलं. आणि आश्लेषाचं अर्धं वाक्य पुढे सरकेना, तेव्हा तिनेच विचारलं, "पेपर कसा गेला गं?"

पार्किंगमधून एकेक गाडी निघून चालली होती. डगने जाताजाता तिला हात केला. तिनेही केला.

"चांगला गेला, आई."

"गेला ना चांगला?"

"हो."

आईने फोन कानापासून दूर नेला असावा, कारण तिचा आवाज लांबून आला. ती बाबांच्या फोटोकडे वळली होती.

"अहो, ऐकलंत का? चांगला गेला म्हणते."