भुऱ्या कोहळ्याचा काका

दुर्गाबाईच्या घरामागच्या भाजीपाल्याच्या बाडीत त्या साली भुरं कोहळं असं पोसलं होतं की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. छपरावर चढलेल्या वेलाला एकच फळ, पण चांगलं आठ शेराचं! आणि ते खाली उतरवलं कोणी? तर हान्नानं. डेन्मार्क नावाच्या कुठल्याशा थंड मुलखातून आलेली, पायजमा घालणारी सहा फुटी पोरगी. लांजीजवळच्या या गावात शाळेची बाग लावायला म्हणून ती सहा महिन्यांसाठी आली, दुर्गाबाईकडे उतरली आणि दुसऱ्याच दिवसापासून तिच्या बाडीत राबायला लागली. नको म्हटलं तर ऐकेल तर शपथ! वांग्यांना पाणी घाल, वालाच्या वेलाला काठी लाव, शेणखत ओत. मराठीही शिकली ती दुर्गाबाईचीच, त्यामुळे अख्ख्या गावाला अरे-तुरे.

पौषातली सकाळ. उडदाची डाळ वाटून तयार. आता कोहळं किसायचं, डाळीत कालवायचं आणि खाटेवर वाळवणाच्या वड्या घालायच्या, एवढंच बाकी. हान्नानं अंगणात फतकल मारली, कोहळं पुढ्यात घेतलं आणि कोयता उचलला.

"अवं थांब! थांब!" दुर्गाबाई केवढ्यांदा ओरडली!

"काय झालं?"

"बाईमाणसानं कोहळ्याले पयला घाव घालाचा नसते. तो घरचा मोठा पोरगा असते वं! माय पोराले कापते काय?"

हान्नानं कोयता खाली ठेवला. कोहळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "माफ कर, दादा," ती त्याला म्हणाली. मग वर बघून, "मंग कोण कापते?"

"घरचा पुरुष. त्यानं एक घाव घातला का मंग आपण."

"आपला पुरुष कुठी आहे?"

इथंच तर गाडं अडलं होतं! नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. पोरबाळ नाही. त्याच्यामागं कोहळ्याला घाव घालायचा तो दीर डोमाजीनं. घर बोराट्यांच्या काटेरी कुंपणापलीकडे, खोकला तरी ऐकू येईल इतकं जवळ. दुर्गाबाई सून होऊन आली तेव्हा डोमाजी चार वर्षांचा. तिनंच भरवून मोठा केलेला. पण दोन वर्षांमागं त्याच्या शेळीनं तिचा वालाचा वेल फस्त केला आणि बाईचं टाळकं फिरलं. "माह्या अंगणात पाय ठेवशील तर पायच तोडीन!" ती म्हणाली. तोही काही कमी नाही. "तू बोलावल्याबिगर येतच नाही, जाय!" झालं. गेल्या साली कोहळं घरात सडून गेलं, पण हिनं हाक मारली नाही. दुसऱ्या कोणाचा हातही लागू दिला नाही. मग आज डाळ कशाच्या भरवशावर भिजवली होती? ते तिला विचारू नका, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. नजर मात्र गेली कुंपणाकडे.

हान्नानं ते बरोबर टिपलं. कोहळं खांद्यावर, कोयता हातात, आणि बाई निघाल्या!

"अवं, कुठी चालली?"

"याच्या काकाकडं!"

गल्लीत गोंधळ उडाला. शेजारची अनुसया घागर तिथंच टाकून मागं निघाली, तिच्यामागं पोरंसोरं, पोरांमागं कुत्री. अबोल्यापायी दुर्गाबाईला समोरून जायची सोय नव्हती. ती धावली बाडीत आणि कुंपणाच्या फटीला डोळा लावून बसली.

डोमाजी ओट्यावर दाढी करत होता. कोयता घेतलेली गोरी बाई अंगावर येताना पाहून त्याच्या हातून वस्तराच गळाला.

"डोमाजी, हा तुया पुतण्या. काप त्याले."

सगळे खो-खो हसले. डोमाजी हसला नाही. "वहिनीनं पाठवलं काय?"

हौ म्हण, पोरी, हौ म्हण! दुर्गाबाई मनातल्या मनात विनवायला लागली. पण खोटं बोलायला तिनं हान्नाला कधी शिकवलंच नव्हतं.

"नाही. ते नाही पाठवत. पण रोज तुया घराकडे पाहते. परवा तू लय खोकलत होता ना, तं ते जेवली नाही."

कुंपणामागं दुर्गाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डोमाजी उठला. अर्ध्या गालाला साबण तसाच. कोहळं त्यानं पोर घ्यावं तसं कडेवर घेतलं, हान्नाच्या हातून कोयता घेतला आणि थेट कुंपणाशी येऊन दोन बोराट्या तोडून बाजूला सारल्या. फटीशी येऊन मात्र थांबला.

"वहिनी, डाळ आंबून जाईन. बोलावते काय?"

दुर्गाबाईनं पदर सावरला.

"शेळी बांधून आला काय?"

"बांधून आलो."

"मंग ये ना रे भाड्या! पोराले उन्हात काहून उभा करतं?"

डोमाजी आत आला आणि एका घावात कोहळं दुभंगलं. हान्नानं अशी उडी मारली की डाळीचं पातेलं थोडक्यात वाचलं. दुपारपर्यंत दोन खाटा वड्यांनी भरल्या.

जाताना डोमाजी त्या बोराट्या पुन्हा फटीत खोचायला वाकला.

"राहू दे," दुर्गाबाई म्हणाली. "उद्या वड्या उलटायले कोण येईन, तुया बाप?"

त्यानं बोराट्या टाकून दिल्या. उरलेली दाढी करायची राहिलीय, हे त्याला घरी पोचल्यावर आठवलं.