गाळलेलं रक्त

"सगळं रक्त... बाहेर काढणार?" सुतारानं विचारलं. एवढं बोलायलाही त्याला मध्ये दम घ्यावा लागला.

"सगळं नाही हो दादा. एका वेळी पेलाभर. आणि मोजून परत देते, खिशात घालत नाही," सिस्टर म्हणाल्या.

दोन्ही हातांना सुया लागलेल्या. एका हातातलं रक्त यंत्रात जाणार, तिथे त्यातला पातळ भाग वेगळा होऊन एका जाड नळकांड्यातून गाळला जाणार आणि दुसऱ्या हातानं बाकी सगळं घरी परतणार. सुताराची बायको नळकांड्याकडे संशयानं बघत होती.

"ह्यात काय अडकतं?"

"प्रतिपिंडं. पहारेकरी म्हणा ना, वहिनी. ह्यांच्या रक्तात ते नको तेवढे झालेत. धुळीचा कण आला तरी दरोडा पडल्यासारखी बोंब ठोकतात आणि छातीची दारं लावून घेतात."

तपासणीत घरची धूळ आणि गवताचे पराग दोषी ठरले होते. लाकडाचा भुसा, ज्याच्यावर बायकोचा पहिल्यापासून संशय होता, तो बिचारा निर्दोष सुटला होता. ह्या दम्यावर इंजेक्शन होतं, पण सुताराच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा आकडा इतका चढलेला की डोसाचा तक्ताच अपुरा पडला. म्हणून आधी गाळून आकडा खाली आणायचा, मग इंजेक्शन, असं नव्या डॉक्टरांनी ठरवलं. ह्या इस्पितळात हे पहिल्यांदाच होत होतं. डॉक्टरांचं शिक्षण ताजं होतं, पण यंत्राला हात सिस्टरांचा. सव्वीस वर्षं त्यांनी डायलिसिसच्या खोलीत काढली होती. तरीही आठवडाभर त्या नव्या नळकांड्याची माहितीपुस्तिका घरी नेऊन पेन्सिलीनं खुणा करत बसल्या आणि जे कळलं नाही ते पोराच्या वयाच्या डॉक्टरांना बिनदिक्कत विचारलं.

वीस मिनिटं सुरळीत गेली. मग यंत्र किंचाळलं. सुतार दचकला, त्याचा श्वास भराभर चालू लागला, ओठ कोरडे पडले. बायको उभीच राहिली.

"थांबवू या," डॉक्टर म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता.

सिस्टरांनी बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा पाहिला. सुताराच्या छातीला कान देऊन घटकाभर ऐकलं. "प्राणवायू चांगला आहे, डॉक्टर. शिट्टीही नेहमीइतकीच. हा दमा नाही, ही धास्ती आहे. भीतीनं कोपर दुमडलंय, म्हणून रक्त येत नाही. दोन मिनिटं द्या मला."

स्टूल ओढून त्या सुताराजवळ बसल्या. "दादा, आमच्या ड्यूटीच्या खोलीतलं टेबल डुगडुगतं. पायाखाली कागदाची घडी घालून दिवस काढतोय."

सुतारानं डोळे उघडले. "कागदाची... घडी?"

"मग काय करायचं? उरलेले तीन पाय कापायचे?"

"अहो पाय कशाला कापता!" त्याला खरोखरच राग आला. "आधी टेबल... फिरवून बघायचं. जागा बदलल्यावर डुगडुग थांबली, तर दोष... फरशीचा. टेबलाला उगाच शिक्षा!"

"आणि नाही थांबली तर?"

तो सांगू लागला. सांधे, पाचर, सरस. सिस्टरांनी त्याचं कोपर अलगद सरळ केलं, ते त्याला कळलंही नाही. यंत्र गप्प झालं आणि नळीत लाल धार पुन्हा सरकली. डॉक्टर बाजूला उभे राहून बघत होते. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तीनदा रक्त गाळलं. पाचव्या खेपेला बायको तणतणतच आली.

"सिस्टर, काल रात्री मी दचकून उठून बसले हो! अकरा वर्षं ह्यांच्या छातीची शिट्टी ऐकत पडते मी. शिट्टी आहे म्हणजे माणूस आहे. काल आवाजच नाही! हात लावून पाहिलं, तर एरवी बसून रात्र काढणारे हे चक्क आडवे झोपलेले. एका उशीवर!"

"मी म्हटलं, अगं जिवंत आहे मी, झोपू दे," सुतार म्हणाला. सलग. एका दमात.

सिस्टर हसल्या आणि नळ्या तपासायच्या निमित्तानं पाठमोऱ्या झाल्या. मग वळून त्यांनी खरं तेच सांगितलं. "दादा, पहारेकऱ्यांची भरती पुन्हा होणार. इंजेक्शन चुकवायचं नाही. किती दिवस निभावेल ते डॉक्टरांनाही आज सांगता येणार नाही."

"जितके निभतील तितके आपले," तो म्हणाला.

तासाभरानं डॉक्टर अहवाल घेऊन लगबगीनं आले. आकडा डोसाच्या तक्त्यात बसला होता. "बाहेर वहिनींना सांगतो," म्हणून ते निघाले. सिस्टरही मागोमाग गेल्या आणि दारातच त्यांनी हात आडवा केला.

बाकड्यावर सुताराची बायको झोपली होती. मान भिंतीला टेकलेली, तोंड उघडं, एक चप्पल पायातून निसटलेली.

"राहू द्या," सिस्टर हलकेच म्हणाल्या.

ते दार सुटलं की धाडकन आपटायचं. सिस्टरांनी ते शेवटपर्यंत हातात धरून लावलं आणि यंत्रापाशी जाऊन उभ्या राहिल्या.