जास्तीची ओळ

बायकोला काही शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. तिला समजत नाही म्हणून नव्हे. तिला फार लवकर समजतं आणि मग ती आपल्यालाच शिकवायला लागते. पण माझा उजवा अंगठा पट्टीत गेला आणि सगळी मतं गुंडाळून ठेवावी लागली.

चिंचवडगावात माझं घोड्याच्या साजाचं दुकान. टांगेवाल्यांचे लगाम, तंग, पट्टे सगळे माझ्या हातचे. रापीच्या, म्हणजे कातडं कापायच्या पात्याच्या, वाटेत बोट ठेवायचं नाही, हे जन्मभर ज्याला-त्याला ऐकवणाऱ्या माझ्याच अंगठ्याची शीर रापीनं कापली. डॉक्टर म्हणाला, जखम भरेल, पण पकड कधी येईल ते सांगता येत नाही. पकड नाही म्हणजे आरी धरता येत नाही, दोरा ओढता येत नाही. मग दुकानात बसून काय गिऱ्हाइकांना चहा पाजायचा?

म्हणून मागच्या खोलीत, दार लोटून, कौशल्येला कामाला बसवलं. दार लोटायचं, कारण बाईच्या हातचा साज एकाही टांगेवाल्यानं घोड्यावर चढवला नसता. उद्या घोडं नुसतं शिंकलं असतं तरी खापर तिच्यावर फुटलं असतं.

पहिल्या दिवशी तिनं रापी पायाखाली उभी दाबली आणि कातडं तिच्यावर सरकवायला लागली. विळीवर गवार चिरावी तसं.

"अगं, इथं कातडं गप बसतं आणि हत्यार चालतं," मी ओरडलो.

"मग तुमचा अंगठा कशाला मधी गेला?" ती म्हणाली.

याला म्हणतात शिकवणी. पण हात तिचा तयार होता. आळीतल्या निम्म्या घरांत तिच्या हातच्या गोधड्या. मी तिला टाकाऊ तुकड्यांवर बसवलं. आधी दातेरी चाकानं खुणा पाडायच्या, म्हणजे टाके सारख्या अंतरावर येतात. मग आरीनं भोक पाडायचं, सरळ, एका दमात. दोऱ्याला मेण चोळायचं. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या आणि दोन्ही सुया एकाच भोकातून समोरासमोर काढायच्या. एका बाजूचा दोरा झिजला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. महिनाभरात तिची शिलाई माझ्यापेक्षा देखणी यायला लागली. मी तसं तिला बोललो नाही, हे सांगायला नको.

आणि मग युसुफचा पट्टा आला.

युसुफ टांगेवाला आमच्याच आळीतला. त्याची बायको जमिला पहिलटकरीण. माहेर लांब, म्हणून दिवसातून दोनदा कौशल्येकडे यायची आणि आमच्या पोरबाळ नसलेल्या घरात बसून चिंच खायची. सुईण म्हणाली, मूल पायाळू आहे, कळा सुरू झाल्या की पुण्याच्या मोठ्या इस्पितळात न्या. युसुफनं टांग्याची एक-एक गोष्ट दुरुस्त करायला काढली. आमच्याकडे आला तो पुठ्ठ्याचा पट्टा. घोड्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणावर, आडवा असतो आणि टांग्याच्या दांड्यांना अडकवलेला असतो तो. सपाट रस्त्यावर त्याला काही काम नाही, नुसता लोंबतो. पण उतार लागला की टांगा पुढं ढकलतो आणि घोडं त्या पट्ट्यावर मागं रेलून सगळं वजन थोपवतं. तो तुटला तर टांगा सरळ घोड्याच्या पायांवर जातो. पुढचं सांगण्यासारखं नसतं.

मी नवा पट्टा तिच्याकडून कापून घेतला, कडीत दुमडून दाखवला आणि लांबीच्या बाजूनं दोन ओळी शिवायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बदलायला दवाखान्यात गेलो. मनात होतं, आल्यावर पट्टा ताणून बघू आणि मगच देऊ. आलो तर खुंटी रिकामी.

"युसुफ घेऊन गेला," कौशल्या म्हणाली. "पहाटेपासून कळा चालू हायेत तिला. आत्ताच अर्ध्या तासामागं निघालेत."

"शिलाई नीट झाली व्हती ना?"

"नीट?" ती खुशीत हसली. "जमिला बसणार म्हणून मी टोकाला एक आडवी ओळ जास्तीची मारली. गोधडीच्या टोकाला मारते तशी. आता उसवायची टाप न्हाई."

"आडवी?" मी ओरडलो.

कापडात जास्त टाके म्हणजे जास्त बळकटी, हे तिचं जन्माचं ज्ञान. कापडाचे धागे सुईला वाट देतात आणि पुन्हा मिटतात. कातड्यातलं भोक मात्र कायमचं भोक. पट्ट्याच्या रुंदीत या कडेपासून त्या कडेपर्यंत भोकांची ओळ पाडली, तर ओढ बसल्यावर पट्टा नेमका तिथं फाटतो, पोष्टाची तिकिटं फाटतात तसा.

हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला.

"तुमी कवा सांगितलं मला, आडवं शिवायचं न्हाई म्हणून?"

नव्हतं सांगितलं. साजवाल्याच्या घरात जन्मलेल्याला ते कुणी सांगत नाही, म्हणून मलाही सुचलं नव्हतं. पण तेव्हा कबूल करायला वेळ कुठं होता? दापोडीच्या पुढं नदीच्या पुलाकडे उतार आहे. युसुफ तिथं पोचायच्या आत गाठायला हवं होतं. आरी, रापी, दातेरी चाक, दोरा, सुया, मेण एका पिशवीत कोंबलं आणि दोघं मुंबई रस्त्याकडे पळालो. पळताना ती एकसारखं म्हणत होती, "मी चांगल्यासाठी केलं वो." मला राग येत होता आणि तिची दयाही येत होती. दोन्हीमुळे मी तिच्यावर खेकसत होतो.

पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर विटा टाकून एक रिकामी ट्रक खडकीकडे परत चालली होती. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. ड्रायव्हरनं आधी शिव्या दिल्या, मग आत घेतलं. कासारवाडीपर्यंत तीन टांगे दिसले, तिन्ही वेळा माझा जीव वर आला आणि खाली गेला. पिशवी छातीशी धरून कौशल्या पुढच्या काचेतून बघत होती.

"जरा जोरात हाणा की," मी ड्रायव्हरला म्हणालो.

"पाव्हणं, ट्रक हाय, इमान न्हाई."

दापोडीत वर्कशॉपचा भोंगा वाजला आणि सायकलवाल्यांचा लोंढा रस्त्यावर आला. ट्रक थांबली. मला वाटलं, आता संपलं सगळं. पण त्याच गर्दीनं युसुफलाही अडवलं होतं. गर्दी पांगली आणि पुढं, उताराच्या तोंडाशी, त्याच्या टांग्याचं निळं छप्पर दिसलं. चाकं उताराला लागत होती. मी ट्रकमधून उडी टाकली आणि असा ओरडलो की युसुफच्या आधी घोडंच थांबलं. कौशल्या मागोमाग उतरली तशी ट्रक पुढं निघून गेली.

"काय झालं मामा? घरी काय झालं?" युसुफ घाबरून खाली उतरला.

मी थेट पट्टा हातात घेतला. कडीजवळच्या आडव्या ओळीतली भोकं लांबट झाली होती. वाटेतल्या बारक्या उतारानंच कडेच्या दोन भोकांमधलं कातडं फाडलं होतं. युसुफनं ते पाहिलं आणि त्याला काही सांगावं लागलं नाही. आत जमिला दात दाबून कण्हत होती.

"काढ पट्टा," मी म्हणालो. "इथंच शिवू."

"तुमचा हात तर..." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कौशल्येच्या हातातल्या आरीकडे. "मामी शिवणार?"

"हाबी तिनंच शिवला व्हता."

युसुफचा चेहरा बदलला. "बाईमाणसाकडनं शिवून मला दिलात? मामा, माझी बायको बसलीय यात! दोरीनं बांधतो त्यापरीस."

"दोरी पुठ्ठ्याला काचली की घोडं लाथा झाडंल. मग काय करशील?"

तो माझ्या अंगावर आला असता. पण टांग्यातून जमिलेचा आवाज आला.

"भांडत काय बसलाय? मामी, तुमी शिवा. मला लई न्हाई दम निघायचा."

युसुफनं चाकांना दगड लावले आणि पट्टा सोडला. मी रस्त्याच्या कडेला मातीत बसलो. मी डाव्या हातानं दाखवलं आणि कौशल्येनं रापीनं फाटकं टोक छाटलं. मग मी पट्टा पुन्हा कडीत दुमडून दोन गुडघ्यांमध्ये घट्ट आवळला, कारण शिवणीचा लाकडी चिमटा घरीच राहिला होता. तिनं चाकानं खुणा पाडल्या आणि ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. सायकलवाले थांबून बघत होते. एकानं काहीतरी टवाळी केली. दुसरा कुठला दिवस असता तर मी त्याला सोडला नसता.

पहिलं भोक तिरकं गेलं.

"पुढच्याला सरळ," मी म्हणालो. अगदी हळू म्हणालो, मलाच माझा आवाज ओळखू आला नाही. "घाई करू नको."

"ती वरडतीया."

"वरडू दे. तू खुणंवर बघ."

भोक, सुई, सुई, ओढ. भोक, सुई, सुई, ओढ. पहिली ओळ झाली. मागं जमिला देवाचं आणि आईचं नाव एका श्वासात घेत होती. दुसरी ओळ झाली. कौशल्येनं दोरा मागं दोन टाके फिरवून कापला. मग तिनं आरी पुन्हा उचलली आणि पट्ट्याच्या टोकावर आडवी धरली. सवयच ती. मी तोंड उघडायच्या आत तिनं ती खाली ठेवली.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

"लई कमी वाटतंय वो."

मलाही कमी वाटत होतं. जन्मभर तेवढंच शिवत आलो होतो, तरी त्या दिवशी फार कमी वाटलं.

युसुफनं पट्टा चढवला, छाटल्यानं आखूड झाला म्हणून बक्कल एक भोक सैल करून. दोन्ही हातांनी त्याला लटकून बघितलं. तरी त्याचा पाय निघेना. मग कौशल्या हत्यारांची पिशवी घेऊन कुणालाही न विचारता टांग्यात चढली आणि जमिलेचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"चल युसुफ," ती म्हणाली. "तुटला तर आमी दोघी बी आत हाय."

दगड काढले. युसुफनं लगाम धरून घोडं पायी चालवलं आणि मी पट्ट्याच्या बाजूनं चाललो, नजर शिवणीवर ठेवून. उतार लागला तसा पट्टा पुठ्ठ्यात रुतला. कडी ताठ झाली. कातडं करकरलं. टाके ताणले गेले, त्यांच्यावरचं मेण चमकायला लागलं. घोडं बसतं की काय इतकं मागं रेललं. मी चांगला अंगठा दातांत धरला होता. हे मला पुलावर पोचल्यावर कळलं, रक्ताची चव आली तेव्हा.

पुलावर सपाटी आली. पट्टा सैल होऊन लोंबायला लागला. युसुफनं थांबून वाकून शिवण पाहिली, बोटानं एक-एक टाका चाचपला. मी म्हणालो, "कौशल्ये, उतर आता. आपण जाऊ."

"त्या न्हाई उतरायच्या," युसुफ आसनावर चढत म्हणाला. "येताना तिकडनं बी उतार हाय. मामी बरोबर पायजेत." मग जरा थांबून म्हणाला, "मामा, तुमी जावा घरी. उगं घोड्याला वजन."

टांगा निघाला. कौशल्येनं छपराखालून मान काढून माझ्याकडे पाहिलं आणि हात केला, पिशवी घेऊन जा असा. पिशवी तुझ्याजवळच राहू दे, असं मी ओरडून सांगितलं. मला वाईट वाटत होतं आणि अभिमानही वाटत होता, त्यातलं जास्त काय ते अजून ठरवता येत नाही. पुढं बोपोडीकडे चढ होता. चढाला त्या पट्ट्याला काहीएक काम नसतं. तरी टांगा दिसेनासा होईपर्यंत मी पट्ट्याकडेच बघत राहिलो.